सिनेमातले गांधी आणि आमचं दहीहंडा



बरेच दिवस काही लिहिलं नव्हतं. मध्यंतरी गुडघ्यांनी असहकार पुकारला होता आणि डोळ्यांचीही थोडी कुरकुर सुरू होती. आज लिहायला बसलोय त्याला कारण आमची पुण्याची नात. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. शाळेत दोन ऑक्टोबरला भाषण करायचं आहे म्हणे. "आबा, तुम्ही इतिहास शिकवायचात ना? मग ऐका," असं म्हणून तिने अख्खं भाषण एका दमात म्हणून दाखवलं. भाषण छान होतं. शेवट असा होता की, डोळ्याच्या बदल्यात डोळा घेत बसलं तर सगळं जगच आंधळं होईल, असं महात्मा गांधी म्हणून गेले आहेत.

मी म्हटलं, "बेटा, हे वाक्य गांधीजींचं आहे हे तुला कुणी सांगितलं?"

ती म्हणाली, "बाबांनी. बाबांना तुम्हीच शिकवलंय म्हणे."

मंडळी, मी गप्प झालो. कारण ते खरं होतं. हे वाक्य मी स्वतः फळ्यावर किती वर्षं लिहिलं असेल, मोजदाद नाही. दर दोन ऑक्टोबरला आणि तीस जानेवारीला, रंगीत खडूने, खाली 'महात्मा गांधी' असं लिहून. ते मी कुठल्या ग्रंथात वाचलं नव्हतं. ऐकलं होतं अकोल्याच्या एका टॉकीजमध्ये, १९८३ साली, 'गांधी' सिनेमात.

सिनेमा तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेलच, पण नव्या पिढीसाठी थोडं सांगतो. रिचर्ड अ‍ॅटनबरो नावाच्या इंग्रज नटाला १९६२ साली लंडनमध्ये एक फोन आला. करणारे होते मोतीलाल कोठारी, तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयात नोकरी करणारे एक गांधीभक्त. गांधीजींवर सिनेमा करा असा त्यांचा आग्रह, आणि त्यासाठी वाचायला त्यांनी लुई फिशर या अमेरिकन पत्रकाराने लिहिलेलं चरित्र दिलं. अ‍ॅटनबरोंनी ते वाचलं आणि माणूस झपाटला. पुढे ते नेहरूंना भेटले. गांधीजींचा देव करू नका, ते फार मोठे पण माणूसच होते, अशा अर्थाचा सल्ला नेहरूंनी दिल्याचं अ‍ॅटनबरो सांगत. मग १९६४ साली नेहरू गेले, पैसा जमेना, वर्षांमागून वर्षं गेली. शेवटी भारत सरकारच्या चित्रपट महामंडळाने जवळजवळ एक तृतीयांश वाटा उचलला आणि नोव्हेंबर १९८० मध्ये चित्रीकरण सुरू झालं. ३० नोव्हेंबर १९८२ ला दिल्लीत पहिला खेळ झाला. पहिल्या फोनपासून वीस वर्षं! मोतीलाल कोठारी तोवर हयात नव्हते. सिनेमा ज्यांना अर्पण केला आहे त्या तीन नावांत नेहरू आणि माउंटबॅटन यांच्याबरोबर त्यांचंही नाव आहे.

एप्रिल १९८३ मध्ये त्याला आठ ऑस्कर मिळाले. त्यातलं एक आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना, जॉन मोलो यांच्यासोबत, वेशभूषेसाठी. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. माहेरच्या राजोपाध्ये. उतारवयात, २०१२ साली, त्यांनी ती बाहुली नीट जपली जावी म्हणून ऑस्करवाल्या अकादमीकडेच परत सोपवली. २०२० मध्ये त्या गेल्या. कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी आपल्या पुण्याच्या. तेव्हा वय जेमतेम तिशीचं, आणि पडद्यावर तरुणपणापासून आगाखान पॅलेसमधल्या अखेरच्या दिवसापर्यंतची बा उभी केली. इंग्लंडचा बाफ्टा पुरस्कार त्यांना मिळाला. गोपाळ कृष्ण गोखले झाले होते डॉ. श्रीराम लागू. म्हणजे इंग्रजांच्या सिनेमात मराठी माणसांनीही आपला खांदा दिला होता. आणि बेन किंग्जलेच्या तोंडचं हिंदी ऐकून आम्हाला वाटलं की हा गोरा किती छान हिंदी बोलतो! तो आवाज पंकज कपूरचा होता हे कितीतरी वर्षांनी कळलं.

तर सांगत होतो १९८३ ची गोष्ट. मी तेव्हा तेहतीस वर्षांचा, नोकरीत रुळलेला. मालेगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं; वाशिम जिल्हा झाला तो १९९८ साली. (बाहेरगावी मालेगाव म्हटलं की लोक नाशिकचं समजतात. आमचं ते वाशिमचं. हा खुलासा मी जन्मभर करत आलोय.) सिनेमा लागल्याचं कळलं आणि मी ठरवलं की दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दाखवायचाच. दादा सत्तरी ओलांडलेले. त्यांनी आयुष्यात दोन-तीनच सिनेमे पाहिले असतील, तेही संतांचे. 'गांधीबाबाचा पिच्चर' म्हटल्यावर मात्र लगेच धोतर-टोपी काढून ठेवली. सकाळच्या एस.टी.ने निघालो. मेडशी, पातूरचा घाट, मग अकोला. साठेक किलोमीटरचा रस्ता, पण त्या काळी तेवढ्यात अंगाचा खुळखुळा व्हायचा.

सिनेमा सव्वातीन तासांच्या आसपास. दादा हलले नाहीत. मध्यंतरात चहा आणला तर तो हातातच थंड झाला. दांडीचा प्रसंग आला, गांधीजी समुद्रकाठी वाकले आणि त्यांनी मूठभर मीठ उचललं, तेव्हा थिएटरात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. शेजारी पाहिलं तर दादा पुढे झुकून पडद्याकडे बघत होते, काहीतरी शोधल्यासारखे.

परतीच्या गाडीत बराच वेळ ते बोलले नाहीत. पातूर मागे पडल्यावर म्हणाले, "पिच्चर चांगला हाये गा. पन मीठ समुद्राचंच दाखोलं. आपलं दहीहंड्याचं पानी नाही दाखोलं."

मी म्हणालो, "दादा, तीन तासांत सगळंच कसं दाखवतील?"

"होय. थेही खरंच हाये," एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहत बसले. मी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी शाळा होती.

आता हे दहीहंडा काय, ते सांगायला हवं. अकोल्याच्या पलीकडे पूर्णा नदीच्या खोऱ्यात मोठा खारपाणपट्टा आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. जमिनीखालचं पाणी खारट, पिकाला चालत नाही आणि माणसाला पिववत नाही. दहीहंडा हे त्या पट्ट्यातलं गाव. तिथल्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढत असत. सरकारी अमलात ते बंद झालं. १९३० च्या मार्चमध्ये गांधीजी साबरमतीहून निघाले, चोवीस दिवस चालून दांडीला पोचले आणि ६ एप्रिलला त्यांनी कायदा मोडला. त्यांच्याबरोबरच्या तुकडीत आश्रमाचे गायक पंडित नारायण मोरेश्वर खरे होते, म्हणजे मराठी पावलं तिथेही होती. पण बाकीच्या देशाने काय करायचं? ज्यांना समुद्र नाही त्यांनी कायदा कसा मोडायचा? वऱ्हाडाने यावर उत्तर शोधलं ते दहीहंड्याच्या विहिरीत. बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी ही आमच्याकडची पुढारी मंडळी. त्याच एप्रिल महिन्यात दहीहंड्याला विहिरीचं पाणी उपसून, उकळून, मीठ तयार करण्यात आलं. समुद्रापासून शेकडो मैलांवर मिठाचा सत्याग्रह!

पुढे पावसाळा आला आणि मीठ करणं जमेना, तेव्हा जंगल सत्याग्रह सुरू झाला. १० जुलै १९३० ला पुसदला बापूजी अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापून अटक करवून घेतली. पुसद आमच्यापासून फार लांब नाही. समुद्र नव्हता तर विहीर शोधली, विहिरीचं जमेना तर गवत कापलं. कायदा कुठला मोडायचा हे जागेवर ठरत होतं. आंदोलन दांडीहून निघालं खरं, पण ते गावोगावी टिकलं ते अशा स्थानिक डोक्यालीमुळे. हे मला पाठ्यपुस्तकाने शिकवलं नाही आणि मीही मुलांना शिकवलं नाही.

दादा तेव्हा अठरा वर्षांचे. घरात न सांगता गेले होते. तिथे त्यांनी काय केलं? मला चार गोष्टी माहीत आहेत, त्या त्यांनी कधीमधी, जेवताना वगैरे सांगितलेल्या. एक, ते चुलीला लाकडं वाहत होते. दोन, कढईत जे उरलं ते पांढरं नव्हतं, मातकट होतं आणि कडू लागत होतं. तीन, लोक ते प्रसादासारखं हातावर घेत होते. चार, पोलिसांनी पुढाऱ्यांना नेलं, लाकडं वाहणाऱ्या पोरांना हाकलून दिलं. बस. परत आल्यावर माझ्या आजोबांनी त्यांना चिंचेच्या फोकाने मारलं, ही पाचवी गोष्ट आत्याने सांगितलेली.

तुरुंग नाही म्हणजे दाखला नाही. १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन सुरू झाली तेव्हा निदान सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची अट होती. दादांनी अर्जसुद्धा केला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मी काय केलं? सरपन वाह्यलं."

१९८७ साली दादा गेले. सिनेमा पाहिल्यानंतर चार वर्षं ते आमच्यात होते. रोज संध्याकाळी ओट्यावर बसायचे. मी इतिहासाचा शिक्षक. एक वही आणि एक पेन घेऊन त्यांच्याशेजारी तासभर बसायला मला चार वर्षांत वेळ मिळाला नाही. कुणाबरोबर गेले, मुक्काम कुठे केला, किती माणसं होती, बायका होत्या का, काय घोषणा दिल्या, काहीच विचारलं नाही. शाळेत मात्र नकाशावर साबरमती ते दांडी लाल रेघ ओढून दाखवत होतो. आपल्याच जिल्ह्यातलं दहीहंडा त्या नकाशावर एकदाही दाखवलं नाही. याची खंत आता या वयात फार वाटते.

असो. आता त्या वाक्याकडे येतो.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला. तेव्हा कळलं की गांधीजींचं लिखाण आणि भाषणं संकलित वाङ्मयाच्या शंभर खंडांत आहेत आणि त्यांत डोळ्याचं ते वाक्य अभ्यासकांना सापडलेलं नाही. सापडतं कुठे? लुई फिशरच्या लिखाणात. सत्याग्रहामागचा विचार समजावून सांगताना फिशरने स्वतःच्या शब्दांत तसं लिहिलं. त्याच फिशरचं पुस्तक कोठारींनी अ‍ॅटनबरोंच्या हातात दिलं होतं. तिथून ते सिनेमात गांधीजींच्या तोंडी आलं, सिनेमातून माझ्या कानात, कानातून फळ्यावर, फळ्यावरून मुलाच्या वहीत आणि आता नातीच्या भाषणात. इतिहासातली चूक कशी प्रवास करते याचं उदाहरण शोधायला मला घराबाहेर जावं लागलं नाही.

गंमत अशी की हा फिशर आपल्या विदर्भाला अनोळखी नव्हता. जून १९४२ मध्ये, ऐन उन्हाळ्यात, तो सेवाग्रामला आठवडाभर राहिला होता आणि त्यावर त्याने पुस्तकही लिहिलं. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले, त्याचंच पुढे सेवाग्राम झालं. बुनियादी शिक्षणाची वर्धा परिषद १९३७ ची, 'भारत छोडो'च्या ठरावाची पहिली बैठक जुलै १९४२ ची, तीही वर्ध्यालाच. तिथल्या मातीच्या घरात ऐकलेले विचार फिरून फिरून अकोल्याच्या पडद्यावर आले. म्हणजे ते वाक्य अगदीच परकं नाही म्हणायचं! पण वाक्य ज्याचं त्याच्या नावावर लिहावं, हा धडा मी मुलांना निबंधाच्या तासाला द्यायचो. स्वतः पाळला नाही.

नातीला हे सगळं फोनवर सांगितलं. तिने लगेच विचारलं, "मग आबा, सिनेमा खोटा आहे का?"

प्रश्न चांगला होता. मी म्हटलं, उद्या सांगतो. आणि संध्याकाळी मुलाने दिलेल्या टॅबवर चाळीस वर्षांनी सिनेमा पुन्हा पाहिला. या वेळी कागद-पेन घेऊन.

खोटा नाही. जालियनवाला बागेनंतरच्या चौकशीत डायर जी उत्तरं देतो, ती हंटर कमिटीसमोरच्या त्याच्या जबानीला बरीच धरून आहेत. १६५० गोळ्या झाडल्या हा आकडा त्याचाच. १९२२ च्या खटल्यात न्यायाधीश ब्रूमफील्ड सहा वर्षांची शिक्षा देताना आरोपीबद्दल आदर दाखवतो, तेही खरं. धारासण्याला मिठाच्या आगराकडे रांगेने जाणारी आणि हात न उचलता लाठ्या खाणारी माणसं खरी. ते वृत्त वेब मिलर या अमेरिकन पत्रकाराने जगभर पोचवलं. सिनेमात त्याच्या जागी वॉकर नावाचा बातमीदार आहे, तो कल्पित. कलकत्त्याच्या उपोषणात ओम पुरीने केलेला नहारी, ज्याला गांधीजी एक अनाथ मुसलमान मूल वाढवायला सांगतात, तोही लेखकाने घडवलेला. पण १९४७ च्या सप्टेंबरात कलकत्त्याला उपोषण झालं आणि दंगल थांबली, हे खरं.

मग काय नाही? सुभाषबाबू नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर नाहीत, आणि ही गोष्ट मला लहान वाटत नाही. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार, त्याआधीचं येरवड्याचं उपोषण, त्यात बाबासाहेबांवर आलेलं दडपण, हा सगळा भाग सिनेमाने ओलांडूनच टाकला. माझ्या वर्गात निम्मी मुलं ज्या वस्त्यांतून यायची, तिथे घराघरात बाबासाहेबांचा फोटो. १९८३ मध्ये सिनेमाचं कौतुक मी वर्गात केलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं होतं, "सर, त्याच्यात बाबासाहेब हायेत का?" मी म्हणालो, "नाहीत." तो काही बोलला नाही, खाली बसला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आता दिसतं की दादांनी गाडीत म्हटलं तेच तोही विचारत होता. आमचा माणूस कुठे आहे?

पुढे डॉ. जब्बार पटेलांनी बाबासाहेबांवर सिनेमा केला. मामुट्टी बाबासाहेब झाले आणि गांधीजींचं काम केलं मोहन गोखले यांनी. ज्यांना अ‍ॅटनबरोचा सिनेमा आवडतो त्यांनी हाही जरूर पाहावा, आणि त्यानंतर पहिला पुन्हा पाहावा. दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय १९३२ समजत नाही.

अ‍ॅटनबरोंनी स्वतःची मर्यादा लपवली नव्हती, हेही सांगायला हवं. सिनेमाच्या सुरुवातीलाच पडद्यावर कबुली येते की एका माणसाचं आयुष्य एका कथनात मावत नाही. खरंच आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं आयुष्य आणि सिनेमा १९१ मिनिटांचा. वर्षाला अडीच मिनिटंसुद्धा येत नाहीत. १९८३ साली ती अक्षरं पडद्यावर आली तेव्हा आम्ही बहुधा खुर्ची शोधत होतो.

दुसऱ्यांदा पाहताना मी थांबलो ते अंत्ययात्रेच्या दृश्यावर. ते ३१ जानेवारी १९८१ ला दिल्लीत चित्रित केलं, प्रत्यक्ष अंत्ययात्रेला तेहतीस वर्षं झाली त्याच दिवशी. तीन लाखांच्या आसपास माणसं जमली होती. काहींना थोडी मजुरी मिळाली, पण बहुतेक आपणहून आलेली. अकरा कॅमेरा पथकं चित्रण करत होती आणि पडद्यावर त्यातलं उरलं दोन मिनिटांएवढं. त्या तीन लाखांतल्या एकाचंही नाव श्रेयनामावलीत नाही, असणं शक्यही नाही. पण ती माणसं नसती तर ते दृश्य नसतं.

टॅब बाजूला ठेवला आणि दादा आठवले. सरपण वाहणारे. कढईखाली जाळ नसता तर मीठ कुठून झालं असतं?

दुसऱ्या दिवशी नातीला फोन केला. म्हटलं, "सिनेमा खोटा नाही, अपुरा आहे. अपुरा असणं हा त्याचा दोष नाही. उरलेलं आपण विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही हा दोष आपला. म्हणजे माझा." मग तिला दहीहंड्याची गोष्ट सांगितली. चारही गोष्टी, आणि चिंचेच्या फोकाची पाचवी. पाचवी ऐकून ती खूप हसली. मग म्हणाली, "आबा, म्हणजे पणजोबांनी कायदा मोडला होता?"

"हो."

"आणि तुम्ही मला आजपर्यंत सांगितलं नाही?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिने भाषणाचा शेवट बदलला. डोळ्याचं वाक्य काढून टाकलं आणि त्या जागी दहीहंड्याची विहीर घातली. बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांपैकी एकांनी तिला विचारलं म्हणे की हे दहीहंडा कुठल्या पुस्तकात आहे? तिने सांगितलं, "अकोला जिल्ह्यात आहे." मला हे उत्तर फार आवडलं.

मंडळी, तुमच्यापैकी ज्यांच्या घरात ऐंशी-नव्वदीतली माणसं आहेत त्यांना हात जोडून विनंती. आज संध्याकाळी एक वही घ्या आणि त्यांच्याजवळ बसा. गावात पहिली वीज कधी आली, बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या कामावर खडी फोडली, काहीही विचारा. आता तर मोबाइलवर आवाजही धरून ठेवता येतो. आणि आमच्या वऱ्हाडातल्या कुणाच्या घरात दहीहंड्याची किंवा पुसदच्या जंगलाची काही आठवण ऐकिवात असेल तर मला जरूर कळवा. माझ्याकडे चारच गोष्टी आहेत. सहावी-सातवी मिळाली तर नातीला सांगेन.

गुडघ्यांशी तह झाला की दहीहंड्याला जाऊन यायचं आहे. विहिरीचं पाणी चाखून पाहीन म्हणतो.

तूर्त एवढंच.